लांब स्ट्रोक म्हणजे मंद इंजिन? एका सोयीस्कर समजुतीची झडती

१/ जुन्या ब्रिटिश मोटारींचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलेच असते : अश्वशक्ती-करामुळे ब्रिटिशांनी अरुंद सिलिंडर आणि लांब स्ट्रोकची इंजिने बनवली, म्हणून ती कधी वेगाने फिरली नाहीत, आणि म्हणूनच तो मोटारउद्योग बुडाला. या एका वाक्यात तीन विधाने बांधलेली आहेत. पहिले बव्हंशी खरे आहे, दुसरे अर्धेच खरे आहे आणि तिसरे पहिल्या दोहोंतून निघतच नाही. तरीही तिन्ही एका दमात सांगितली जातात आणि ऐकणारे मान डोलावतात. या धाग्यात ती गाठ सोडवून पाहू.

२/ आधी शब्द. सिलिंडरचा आतला व्यास म्हणजे बोअर आणि पिस्टन वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जेवढे अंतर कापतो तो स्ट्रोक. इंजिनाची घनक्षमता या दोहोंच्या मेळाने ठरते. एकच क्षमता रुंद-आखूड सिलिंडरनेही साधता येते आणि अरुंद-उंच सिलिंडरनेही. स्ट्रोक व्यासापेक्षा मोठा असेल तर इंजिन लांब स्ट्रोकचे, लहान असेल तर आखूड स्ट्रोकचे.

३/ आता कर. ब्रिटनच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबचे सूत्र असे होते : व्यासाचा इंचांतील वर्ग, गुणिले सिलिंडरांची संख्या, भागिले २.५. येणारा आकडा म्हणजे गाडीची ‘करपात्र अश्वशक्ती’. १ जानेवारी १९२१ पासून प्रत्येक अश्वशक्तीमागे वर्षाला एक पौंड कर बसला. १९३५ मध्ये तो १५ शिलिंग झाला आणि १९४० मध्ये २५ शिलिंग. या सूत्रात स्ट्रोक कुठेच नाही. तो कितीही वाढवला तरी कर तेवढाच.

४/ या सूत्राला मूर्खपणाचा नमुना म्हणून हिणवण्याची प्रथा आहे. तीही तपासावी. सूत्रात तीन गोष्टी गृहीत होत्या : पिस्टनची सरासरी गती मिनिटाला १००० फूट, सरासरी दाब दर चौरस इंचाला ९० पौंड आणि यांत्रिक कार्यक्षमता ७५ टक्के. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला हे लावून पाहा. तिचा व्यास ३.७५ इंच, स्ट्रोक ४ इंच. सूत्राने तिची अश्वशक्ती २२.५ येते. प्रत्यक्षात ते इंजिन मिनिटाला १६०० फेऱ्यांवर २० अश्वशक्ती देई आणि त्या वेळी पिस्टनची गती होती मिनिटाला सुमारे १०६७ फूट. सूत्र आपल्या काळाचे चांगले वर्णन होते. चूक एवढीच की काळ पुढे गेला तरी कायद्यातले गृहीत तिथेच राहिले.

५/ या कराने रचनेवर परिणाम केला, हे मान्यच करायला हवे. सर्वांत बोलका पुरावा फोर्डचाच आहे. मॉडेल ए या अमेरिकन गाडीचा व्यास ३.८७५ इंच होता, म्हणजे करपात्र अश्वशक्ती २४. ब्रिटनसाठी काढलेल्या ‘एएफ’ या आवृत्तीत व्यास ३.०५ इंचांवर आणला गेला आणि अश्वशक्ती १४.९ झाली. स्ट्रोक मात्र ४.२५ इंच, तसाच. मॉरिस एट (५७ गुणिले ९० मिलिमीटर, ९१८ सीसी) याच वळणाची. इथपर्यंत प्रचलित कथा बरोबर आहे.

६/ भौतिकशास्त्राचाही काही भाग तिच्या बाजूचा आहे. इंजिनाची शक्ती पिस्टनच्या क्षेत्रफळावर, त्यावरील दाबावर आणि पिस्टनच्या गतीवर अवलंबून असते. क्षमता समान ठेवली तर रुंद सिलिंडरमध्ये क्षेत्रफळ अधिक मिळते, मोठ्या झडपा बसतात आणि इंजिनाला श्वास मोकळा मिळतो. स्ट्रोक आखूड असला की त्याच पिस्टनगतीला फेरे अधिक मिळतात. समान क्षमतेच्या दोन इंजिनांत, बाकी सर्व सारखे असेल तर, आखूड स्ट्रोकचे इंजिन वरच्या फेऱ्यांत सरस ठरते. घोळ त्या ‘बाकी सर्व सारखे असेल तर’मध्ये आहे. इतिहासात बाकी सर्व क्वचितच सारखे होते.

७/ फेऱ्यांची मर्यादा स्ट्रोक एकटा ठरवत नाही. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडचे वजन, क्रँकशाफ्टचा ताठपणा, बेअरिंगांची संख्या, वंगणाचा दाब, झडपांच्या स्प्रिंगा, कॅमचा आकार, कार्ब्युरेटर या साऱ्यांचा त्यात वाटा असतो. फ्रान्समधील छोट्या शर्यतगाड्यांच्या नियमांनीही एकेकाळी व्यासावरच मर्यादा घातली होती. त्यातून १९१० च्या लायन-प्यूजोसारखे इंजिन निघाले : व्यास ८० मिलिमीटर, स्ट्रोक २८०! मात्र त्याच शर्यतींच्या शाळेत अभियंते पिस्टन अधिक वेगाने पळवायलाही शिकले. १९१२ ची फ्रेंच ग्रां प्री जिंकणाऱ्या प्यूजोचा स्ट्रोक २०० मिलिमीटर होता. २२०० फेऱ्यांना तिच्या पिस्टनची गती सेकंदाला सुमारे १४.७ मीटर भरते. मॉडेल टीची होती ५.४.

८/ १९२४ ची बुगाटी टाइप ३५ घ्या. व्यास ६०, स्ट्रोक ८८ मिलिमीटर, म्हणजे स्पष्टपणे लांब स्ट्रोक. तरी ती ६००० फेऱ्यांच्या घरात जाई, कारण तिचा क्रँकशाफ्ट बॉल आणि रोलर बेअरिंगांवर फिरत असे. उलट ऑस्टिन सेव्हनचा स्ट्रोक बुगाटीहून लहान, ७६ मिलिमीटर. तरी तिची साधी गाडी २४०० फेऱ्यांना १०.५ अश्वशक्ती देऊन थांबे. तिच्या सुरुवातीच्या क्रँकशाफ्टला आधार होता फक्त दोन बेअरिंगांचा आणि झडपा होत्या सिलिंडरच्या बगलेत. नुसत्या स्ट्रोकवरून निकाल द्यायचा, तर ऑस्टिन बुगाटीच्या पुढे धावायला हवी होती.

९/ त्याहून ठळक जोडी ब्रिटनच्याच अंगणात सापडते. १९४८ च्या जॅग्वार एक्सके इंजिनाचा व्यास ८३ आणि स्ट्रोक तब्बल १०६ मिलिमीटर. सुमारे ५००० फेऱ्यांना १६० अश्वशक्ती. १९५९ च्या फोर्ड अँग्लियाचा व्यास ८१ आणि स्ट्रोक जेमतेम ४८.४ मिलिमीटर. तिची ३९ अश्वशक्तीही ५००० फेऱ्यांनाच! पिस्टनची गती पाहिली तर जॅग्वारची सेकंदाला १७.७ मीटर आणि अँग्लियाची ८.१. आखूड स्ट्रोकने अँग्लियाला वाव दिला होता. रस्त्यावरच्या गाडीत तो वापरलाच गेला नाही. पुढे शर्यतींसाठी त्याच इंजिनाची मशागत झाली, तेव्हा ते फेरे दिसले. जॅग्वारने मात्र आपल्या ‘मंद’ स्ट्रोकवर १९५१ ते १९५७ या काळात ल मान्सची शर्यत पाच वेळा जिंकली.

१०/ स्ट्रोकच नव्हे, व्यासही एकच असेल तर? तो प्रयोगही इतिहासाने करून ठेवला आहे. १४८९ सीसीचे बी-मालिकेचे इंजिन, व्यास ७३ आणि स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर. मॉरिस ऑक्सफर्डमध्ये ते ४२०० फेऱ्यांना सुमारे ५० अश्वशक्ती देई. तेच इंजिन दोन कार्ब्युरेटर आणि वेगळ्या जुळणीसह १९५५ च्या एमजीए या स्पोर्ट्‌स गाडीत बसले आणि ५५०० फेऱ्यांना प्रथम ६८, पुढे ७२ अश्वशक्ती देऊ लागले. याच घराण्यातील दुहेरी कॅमशाफ्टच्या इंजिनाने, त्याच ८८.९ मिलिमीटरच्या स्ट्रोकवर, ६७०० फेऱ्यांना १०८ अश्वशक्ती दिली. ऑक्सफर्डची मंदगती सिलिंडरच्या मापांत कोरलेली नव्हती. कुटुंबाच्या गाडीसाठी केलेली ती निवड होती.

११/ आता कराकडे परत. लांब स्ट्रोक हे करानेच जन्माला घातलेले अपत्य असेल, तर तो कर नसलेल्या देशांत ते दिसायला नको. अमेरिकेत काही राज्ये नोंदणीशुल्कासाठी तेच सूत्र वापरीत, पण तिथे त्याचा भार ब्रिटनइतका नव्हता. तरी १९३२ च्या फोर्ड व्ही-एटचा व्यास ३ १/१६ इंच आणि स्ट्रोक ३ ३/४ इंच होता. इटलीच्या फियाट ११०० चा व्यास ६८ आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर. अमेरिकेत आखूड स्ट्रोकची मोठी लाट आली ती १९४९ च्या कॅडिलॅक आणि ओल्ड्‌समोबाइलच्या व्ही-एट इंजिनांपासून. डोक्यावरच्या झडपा आणि चांगल्या पेट्रोलाने शक्य झालेला वाढीव दाब तिथे एकत्र आले होते. लांब स्ट्रोक ही त्या युगाची सर्वसाधारण रीत होती. ब्रिटिश कराने ती अधिक ताणली, एवढेच.

१२/ गिऱ्हाइकाला तर या कथेत जागाच नसते. गिअर बदलणे तेव्हा कसबाचे काम होते. सिंक्रोमेशची सोय कॅडिलॅकने आणली तीच १९२८ मध्ये, आणि सामान्य गाड्यांत ती उतरायला आणखी वर्षे गेली. कमी फेऱ्यांत ओढणारे, चढावरही वरच्या गिअरमध्ये टिकणारे इंजिन लोकांना हवे होते. लांब स्ट्रोक त्याच करात अधिक क्षमता आणि अधिक ओढ देत होता. ज्याला आज इंजिनाचा दोष म्हटले जाते, त्यासाठी त्या काळचा गिऱ्हाईक आनंदाने पैसे मोजत होता.

१३/ कर गेल्यानंतर काय झाले, ही खरी कसोटी. १९४७ मध्ये जुनी पद्धत मोडीत निघाली. ब्रिटिश फोर्डने १९५० मध्ये कॉन्सल आणली : व्यास ७९.४, स्ट्रोक ७६.२ मिलिमीटर. प्रचलित कथेला हा मोठा आधार. पण १९५१ मध्ये ऑस्टिनने ए-मालिकेचे नवे इंजिन काढले, त्याचा व्यास ५८ आणि स्ट्रोक ७६.२! कर नव्हता, सक्ती नव्हती, तरी माप जुन्याच वळणाचे. त्याच मालिकेच्या १२७५ सीसी इंजिनाने, ८१.३ मिलिमीटरच्या स्ट्रोकवर, मिनी कूपर एसला १९६५ आणि १९६७ ची माँते कार्लो रॅली जिंकून दिली.

१४/ राहिले तिसरे विधान. १९५० च्या सुमारास ब्रिटन हा मोटारींचा जगातील सर्वांत मोठा निर्यातदार होता, आणि त्या गाड्यांपैकी बहुतेकांत लांब स्ट्रोकचीच इंजिने होती. ऱ्हास दिसू लागला तो कर रद्द झाल्यावर कितीतरी वर्षांनी. ज्या काळात गुंतवणूक, गुणवत्ता, व्यवस्थापन आणि कामगारसंबंध यांविषयी प्रश्न विचारायला हवेत, त्या काळाचा जाब १९२१ च्या करसूत्राला विचारणे म्हणजे खऱ्या जबाबदारांना दारातूनच मोकळे सोडणे होय.

१५/ हा प्रश्न भारतीय वाचकांनाही परका नाही. बी-मालिकेचे तेच १४८९ सीसी इंजिन हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसडरमध्ये दशकानुदशके राहिले आणि फियाट ११०० चे इंजिन कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनीतून मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत धावले. ‘ब्रिटिशांचे जुने लांब स्ट्रोकचे इंजिन, ते काय पळणार’ असे म्हणणे सोपे आहे. पण एमजीएने १९५५ मध्येच त्याला पळवून दाखवले होते. पुढच्या काळात ते इथे जवळपास तसेच राहिले, याचे उत्तर परवान्यांत, आयातबंदीत आणि स्पर्धा नसलेल्या बाजारात शोधावे लागते. सिलिंडरच्या मापांत ते सापडणार नाही.

१६/ एकच कारण सांगणारी कथा लक्षात राहायला सोपी असते आणि माणसांचे निर्णय तिच्याआड सहज लपतात. व्यास, स्ट्रोक आणि फेरे हे तीन आकडे कोणत्याही जुन्या गाडीच्या माहितीपत्रकात मिळतात. स्ट्रोकची दुप्पट गुणिले मिनिटाचे फेरे, एवढ्या गुणाकाराने पिस्टनची गती निघते. पुढच्या वेळी ते ठरलेले वाक्य कानावर आले की ऐकणाऱ्याने आधी हा गुणाकार करावा. मान नंतर डोलावता येईल.