जुन्या जीपचे नवे परीक्षक

अमरावती-अकोला हमरस्त्यावर जुनी जीप हाकून तिला 'निरुपयोगी' ठरविणारे परीक्षक अलीकडे बोकाळले आहेत. याच मार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत अखंड अंथरला गेला. त्याची गिनेस बुकात नोंदही झाली. असल्या सडकेवर परीक्षा होते ती सडकेची.

महिंद्र कंपनीने मुंबईत बांधलेल्या मूळच्या सीजे-3बी जीपला पुढचे गिअर तीनच. पहिल्याला सिंक्रोमेश नाही. चालत्या गाडीत तो घालावयाचा तर क्लच दोनदा दाबून मध्यंतरी इंजिनाला गती द्यावी लागते. हा म्हणे दोष! मग भाता हलवावा लागतो हा पेटीचाही दोषच म्हणावयाचा.

ब्रेक मंद, स्टिअरिंग सैल, बैठक पाटासारखी, हे आम्ही नाकारीत नाही. पण कोरड्या डांबरावर चारही चाके जोडून 'गाडी वळत नाही' अशी हाकाटी करणाऱ्यांना काय म्हणावे? वळताना पुढची चाके मागच्यांहून अधिक अंतर कापतात, आणि हा फरक सोसणारी योजना पुढच्या व मागच्या आसांमध्ये येथे नाही. चिखलात चाके थोडी घसरतात व फरक जिरतो. ती जोडणी चिखलासाठीच आहे.

या महाशयांनी श्रावणात दर्यापूरकडील काळ्या मातीची एखादी शेतवाट धरावी. नंतर चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरावा. तेथे खालच्या गिअरात इंजिनच गाडी कशी आवरून धरते, ते पायांना कळेल. मग खुशाल अभिप्राय लिहावा. आम्ही तो अवश्य वाचू.