पांढऱ्या मुळीचा वाटेकरी

तळेगाव-चाकण रस्त्याच्या दोन्ही अंगांना, सुदुंबरे, इंदुरी आणि नवलाख उंबरे या गावांच्या शिवारात, भातखाचरे, ऊस व भाजीपाला यांच्या जोडीला पॉलिहाऊसची शेती येऊन आता बराच काळ लोटला आहे, आणि औद्योगिक विकास महामंडळाचे तळेगावचे फ्लोरिकल्चर पार्क व तेथीलच हॉर्टिकल्चर ट्रेनिंग सेंटर यांच्यामुळे जरबेरा, कार्नेशन आणि डच गुलाब ही नावे मावळात इंद्रायणी तांदळाइतकीच ओळखीची झाली आहेत. या पिकांबरोबर जी कीड सर्वांत चिवटपणे मुक्कामाला आली ती मात्र बाजारभावाच्या चर्चेत क्वचितच येते. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी, ज्यांना शेतकरी आणि सल्लागार सरसकट ‘निमॅटोड’ म्हणतात, ते जमिनीखाली राहतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि दांड्याची लांबी घटून फूल लहान पडेपर्यंत संशय बहुधा खतावर किंवा पाण्यावर घेतला जातो.

संरक्षित शेतीला हा पाहुणा नवा नाही. इंग्लंडमध्ये बर्कली या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1855 साली मुळांवरील या गाठींचे पहिले वर्णन केले ते काचघरातल्या काकडीवरूनच, आणि भारतातील पहिली नोंद बार्बर याने 1901 मध्ये दक्षिणेतल्या चहाच्या मळ्यातून केली. पॉलिहाऊसने या किडीला दिले ते सातत्य. जरबेऱ्याचा बेड लाल माती, शेणखत आणि भाताचे तूस यांचा बनवतात. उतिसंवर्धित रोप प्रयोगशाळेतून स्वच्छच येते, त्यामुळे शिरकाव होतो तो बाहेरून आणलेल्या मातीतून, न कुजलेल्या शेणखतातून, जुन्या बेडच्या उरलेल्या मुळ्यांतून किंवा कुदळ-फावड्याला चिकटलेल्या चिखलातून. पुढे तेच पीक अडीच-तीन वर्षे त्याच जागी उभे असते, आतील ऊब वर्षभर टिकते, आणि ज्या किडीची एक पिढी 25 ते 30 दिवसांत पुरी होऊन प्रत्येक मादी काहीशे अंडी घालते तिला याहून सोयीचे घर मिळणे कठीण आहे.

प्रस्तुत अंकाचा मुख्य विषय असलेले वनस्पती-संप्रेरकांचे संशोधन या व्यवसायाशी कसे जोडलेले आहे, हे समजण्यासाठी गाठ म्हणजे नेमके काय ते पाहणे आवश्यक आहे, कारण गाठ ही जखमेची सूज नाही. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असे दुसऱ्या अवस्थेतील पिल्लू मुळाच्या टोकामागच्या कोवळ्या, लांब होत असलेल्या भागातून आत शिरते, पेशींच्या मधून वाट काढत आधी टोकाकडे उतरते, तेथे वळून मधल्या संवाहक भागात, म्हणजे पाणी व अन्नरस वाहून नेणाऱ्या ऊतींमध्ये पोहोचते, आणि आपल्या मुखातील पोकळ सुईने तेथील पाच-सात पेशींमध्ये स्राव सोडून कायमचे ठाण मांडते. त्या पेशी मरत नाहीत; त्यांची केंद्रके पुन्हा पुन्हा दुभंगत राहतात, पेशी मात्र विभागली जात नाही, आणि अखेर एकेका पेशीत डझनावारी, कधी शंभराच्या घरात केंद्रके साठून ती महाकाय पेशी बनते. याच पेशींतून मादी आयुष्यभर अन्नरस शोषते, आणि त्यांच्याभोवतीच्या पेशी फुगून व विभागून गाठ तयार होते. बांधकाम सर्वस्वी झाडाचे, साहित्य झाडाचे, हुकूम मात्र किडीचे.

हे हुकूम संप्रेरकांच्या भाषेत दिले जातात. संप्रेरक म्हणजे झाडाच्या एका भागात तयार होऊन अत्यल्प प्रमाणात दुसऱ्या भागाची वाढ वा वागणूक ठरवणारे रसायन. त्यांपैकी ऑक्सिन हे नवी मुळे फोडते आणि कोणत्या पेशीने काय बनायचे ते ठरवते. पिल्लू ठाण मांडते तेव्हा पहिल्या काही दिवसांत नेमक्या त्या जागी ऑक्सिन साचते, हे 1999 पासूनच्या प्रयोगांत, ऑक्सिनच्या उपस्थितीत रंग दाखवणाऱ्या जनुकांच्या मदतीने, प्रत्यक्ष दिसले आहे. ऑक्सिन एका पेशीतून दुसरीत नेणारी जी वाहक प्रथिने असतात त्यांची मांडणीच कीड बदलून टाकते, आणि एरवी टोकाकडे वाहणारा प्रवाह गाठीच्या जागेकडे वळतो. पेशीविभाजनाला चालना देणाऱ्या सायटोकायनिनच्या बाबतीत तर बीटवरील पुटी-सूत्रकृमी हे संप्रेरक स्वतःच बनवून झाडात सोडतो, असे 2015 मध्ये सिद्ध झाले. मूळगाठ सूत्रकृमी झाडाच्या स्वतःच्या संदेशक पेप्टाइडांची, म्हणजे प्रथिनांच्या लहान तुकड्यांची, नक्कल करून झाडाच्या संरक्षणयंत्रणेला गाफील ठेवतात, हे 2020 मधील संशोधनाने दाखवले. याखेरीज सूत्रकृमींच्या स्रावात असे एक विकर असते, जे सॅलिसिलिक आम्ल या संरक्षक संप्रेरकाच्या कच्च्या मालाची वाट दुसरीकडे वळवते असे मानले जाते.

येथे सल्लागारांनी थांबून विचार करावा असा मुद्दा आहे. पॉलिहाऊसमध्ये ‘पांढरी मुळी चालणे’ ही पिकाच्या तब्येतीची सर्वमान्य खूण आहे, आणि ती चालत नाही असे दिसताच ठिबकातून ह्युमिक आम्ल, समुद्री शेवाळाचा अर्क किंवा ‘रूटर’ या नावाने विकले जाणारे, ज्यात अनेकदा ऑक्सिन गटातील रसायन असते, असे टॉनिक सोडले जाते. फोनवरून फोनवर फिरणाऱ्या बहुतेक शेड्यूलमध्ये ते लावणीनंतरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच येते. पिल्लाला शिरकाव मिळतो तो याच पांढऱ्या मुळीच्या टोकाशी. जून, तपकिरी मुळीत त्याला सहसा शिरता येत नाही. किडीने भरलेल्या बेडमध्ये किडीचा बंदोबस्त न करता पांढरी मुळी वाढवणे म्हणजे किडीसाठी दारे वाढवणे होय.

याला जुना प्रायोगिक आधारही आहे. अमेरिकेतील ड्रॉपकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 मध्ये दाखवले की, एरवी सूत्रकृमीला दाद न देणाऱ्या प्रतिकारक टोमॅटोच्या रोपांना सायटोकायनिन दिल्यास त्यांचा प्रतिकार ढासळतो. दोनच वर्षांनी कोच्बा व सामिश यांनी पीचच्या प्रतिकारक खुंटावर कायनेटिन व नॅप्थॅलिन ॲसेटिक आम्ल, म्हणजे कृत्रिम ऑक्सिन, वापरून तसाच परिणाम नोंदवला. हे प्रयोग नियंत्रित परिस्थितीतील होते, त्यांतील मात्रा शेतातल्या नव्हेत, आणि त्यांच्या बळावर कोणतेही टॉनिक दिल्याने गाठी वाढतातच असे म्हणणे घाईचे ठरेल; सशक्त मुळांचा पसारा असलेले झाड तेवढ्याच किडीचा भार अधिक सहज पेलते, ही बाजूही खरी आहे. तथापि, बेडमधील एक रोप उपटून, बादलीत मुळे धुऊन, भिंगाखाली गाठी आणि त्यांवरचे तपकिरी, चिकट अंडीपुंज पाहिल्याशिवाय संप्रेरक सोडणे हा निष्काळजीपणा आहे, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे.

संरक्षणाच्या बाजूची संप्रेरके अधिक आशादायक वाटतात, आणि तेथेच अधिक सावध राहावे लागते. भातावरील मूळगाठ सूत्रकृमीच्या संदर्भात बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवले की, जॅस्मोनिक आम्लाचा मार्ग हा भाताच्या संरक्षणाचा कणा आहे, आणि मिथिल जॅस्मोनेट किंवा इथिलीन देणारे रसायन नुसते पानांवर फवारले तरी मुळांवरील गाठी घटतात. टोमॅटोवरील 2019 च्या संशोधनाने याची उलटी वाटही उलगडली: मुळात कीड शिरताच विद्युत्-संकेत पानांपर्यंत जातो, पानांत जॅस्मोनिक आम्ल तयार होते आणि ते खाली मुळांच्या रक्षणाला येते. म्हणजे करपलेल्या, कोळीने शोषलेल्या किंवा अवाजवी काढलेल्या पानांचे झाड मुळाशीही दुबळे पडत असणार, हा तर्क पॉलिहाऊसमध्ये पाने काढणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पण जॅस्मोनेट मुळाची वाढ रोखते, आणि भातातच ब्रासिनोस्टेरॉइड या वाढीच्या संप्रेरकाची कमी मात्रा झाडाला किडीस बळी पाडते तर जास्त मात्रा तिच्यापासून वाचवते, असे त्याच संशोधकगटाने पुढे नोंदवले. मात्रेबरोबर परिणामाची दिशाच उलटत असेल, तर ‘दोन मिलि प्रति लिटर’ अशी अंदाजी शिफारस कोणीही करू नये.

मावळच्या भाताचाही येथे संबंध येतो. आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार होऊन 1987 मध्ये प्रसारित झालेली इंद्रायणी जात रोपे करून, चिखलणी केलेल्या खाचरात लावली जाते, आणि साचलेल्या पाण्यात पिल्लांना मुळात शिरणे अवघड जाते, ही या पद्धतीची न मागता मिळालेली ढाल आहे. मुळात आधीच शिरलेली कीड मात्र पाण्यातही तग धरते. म्हणून रोपवाटिका महत्त्वाची. शेण, गवत व पालापाचोळा पसरून राब भाजण्याची मावळातली चाल तणाचे बी मारण्यासाठी म्हणून ओळखली जाते, पण गुजरातेत तंबाखूच्या रोपवाटिकेत हाच उपाय सूत्रकृमींसाठी जाणीवपूर्वक केला जातो. धुरामुळे आणि मजुरीमुळे राब मागे पडत असेल, तर त्याची जागा उन्हाळ्यात पारदर्शक प्लास्टिक अंथरून माती तापवण्याने घ्यावी. कोरड्यात पेरणी करू पाहणाऱ्यांनी तर हे टाळूच नये.

पॉलिहाऊसमध्येही क्रम हाच आहे. एप्रिल-मेच्या उन्हात ओलवलेला बेड चार ते सहा आठवडे पारदर्शक प्लास्टिकखाली तापवणे, जुन्या मुळ्या वेचून बाहेर काढणे, निंबोळी पेंडीत ट्रायकोडर्मा आणि पर्प्युरिओसिलियम या बुरशी वाढवून ती पेंड लावणीच्या आधी मातीत मिसळणे, आणि त्यानंतरच रोप व रूटर यांचा विचार करणे. पेंड कुजताना निघणारा अमोनिया व निंबातील कडू द्रव्ये पिल्लांना मारक ठरतात आणि बुरशीला खाद्यही मिळते. ज्यांचे घराणेच तेलघाण्याचे होते त्या संताजी जगनाडे महाराजांची समाधी असलेल्या सुदुंबऱ्यात पेंडीची महती वेगळी सांगायला नको. फोरेटची दाणेदार औषधे 2020 च्या अखेरीस बंद झाली. त्याजागी आलेली नवी सूत्रकृमिनाशके पिल्ले मुळाबाहेर असतानाच प्रभावी ठरतात, त्यामुळे वेळ येथेही तीच: ऑक्सिनचा पहिला साठा होण्यापूर्वीची. प्रतिकारक टोमॅटो घेणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, त्यातील प्रतिकारक जनुक, जे जंगली पेरुव्हियन टोमॅटोतून आले, ते मातीचे तापमान 28 अंशांच्या वर गेले की काम सोडते, आणि मावळात बंद पॉलिहाऊसच्या आत ही मर्यादा ओलांडायला एप्रिल पुरेसा असतो.

दोन गोष्टी मात्र शेतकऱ्याच्या हातात नाहीत. पहिली लेबलची. जिबरेलिक आम्लासारखी वाढनियंत्रके कीटकनाशक कायद्याखाली नोंदली जातात आणि जैवउत्तेजके 2021 पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. त्यामुळे बाटलीवर आतील संप्रेरकाचे नाव आणि प्रमाण मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत छापण्याचा आग्रह धरणे परवानाधारक विक्रेत्यांनाही शक्य आहे, आणि नाव न छापलेले टॉनिक शेड्यूलमध्ये घालणे सल्लागारांनी आजपासून थांबवावे. दुसरी गोष्ट प्रयोगांची. जॅस्मोनेटचे आणि ऑक्सिनचे बहुतेक ज्ञान अ‍ॅरॅबिडोप्सिस या मोहरीच्या कुळातील छोट्या रोपावरून, टोमॅटोवरून आणि भातावरून आले आहे; पॉलिहाऊसच्या बेडवर ते पडताळायला हवे. सूत्रकृमींवरील समन्वित प्रकल्पाचे केंद्र राहुरीच्या कृषी विद्यापीठात आहे. त्याने आणि तळेगाव परिसरातील पॉलिहाऊसधारकांनी मिळून लाल मातीच्या बेडवर रूटर दिलेला व न दिलेला, तापवलेला व न तापवलेला असे चार गट ठेवावेत, लावणीनंतर दीड महिन्याने दर मुळामागे अंडीपुंज मोजावेत, आणि पुढे वर्षभर दर चौरस मीटर किती दांडे निघतात याची नोंद ठेवावी.