श्रद्धेला गृहीत धरू नका

३ मे १९१३. ऐन उन्हाळ्यात गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. फणसवाडीतून चालत जाता येईल, इतक्या अंतरावर भारतीय चित्रपटाचा जन्म झाला आणि तो झाला एका पौराणिक कथेच्या पोटी. त्यासाठी फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या, सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. साऱ्या चमूचा स्वयंपाक उरकून ही माउली रात्री फिल्मच्या पट्टीला छिद्रे पाडीत बसे. धर्मकथा पडद्यावर आणायची, तर आधी स्वतः तप करावे लागते, हा त्या उन्हाळ्याचा धडा होता.

एकशे दहा वर्षांनंतरच्या दोन उन्हाळ्यांनी हा धडा पुरता पुसून टाकला. सुटीच्या मोसमात फुटकळ चित्रपट येतात आणि जातात. २०२२च्या एप्रिल-मे महिन्यांत ‘हिरोपंती २’ आला आणि आपटला, ‘धाकड’ आला आणि आपटला. त्यांचे दुःख कोणास? ज्यांच्याकडून अपेक्षाच नव्हती, ते निराशा काय करणार? निराशा केली ती आपल्या म्हणवणाऱ्यांनी.

पहिला घाव ३ जून २०२२ रोजी बसला. ‘सम्राट पृथ्वीराज’चे दिग्दर्शक होते डॉ. चंद्रप्रकाश द्विवेदी. दूरदर्शनवर ‘चाणक्य’ उभा करणारा, ‘पिंजर’मधून फाळणीची वेदना मांडणारा हा व्यासंगी माणूस. पण यश राज फिल्म्सच्या या चित्रपटात व्यासंग राहिला बाजूला. महागडी वस्त्रे, भव्य महाल आणि मध्यभागी शौर्याऐवजी मुद्रा करणारा तारा. प्रदर्शनाच्या तोंडावर नावाला ‘सम्राट’ ही उपाधी जोडली गेली, उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेश सरकारांनी करमाफी दिली. नाव मोठे झाले, तिकीट स्वस्त झाले, चित्रपट मात्र होता तेवढाच राहिला.

तेव्हा आपल्यातल्याच काहींनी डाव्या समीक्षकांवर खापर फोडले. हा बचाव तपासून पाहू. त्याच दिवशी ‘मेजर’ प्रदर्शित झाला. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात हुतात्मा झालेल्या मेजर संदीप उन्नीकृष्णन यांची ती कथा. खर्च कितीतरी कमी, मोठा तारा नाही, तरी लोकांनी तो मनापासून स्वीकारला. त्याच काळरात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या गोळ्या छातीवर झेलल्या. त्या रात्रीचे मोल या परिसराला कोणी शिकवायला नको. प्रेक्षकाची देशभक्ती आटलेली नव्हती. आटला होता तो निर्मात्यांचा प्रामाणिकपणा.

दुसरा घाव अधिक खोल आणि तो एका मराठी माणसाच्या हातचा. १६ जून २०२३ रोजी ओम राऊत यांचा ‘आदिपुरुष’ आला. २०१५मध्ये ‘लोकमान्य’ आणि २०२०मध्ये ‘तान्हाजी’ देणाऱ्या या दिग्दर्शकाविषयी मराठी मनात आपलेपणा होता. ऑक्टोबर २०२२मध्ये अयोध्येत पहिली झलक दाखवली गेली, तेव्हाच लोकांनी नापसंती कळवली होती. प्रदर्शन जानेवारीवरून जूनवर ढकलले गेले. पाचशे कोटींहून अधिक खर्चाच्या बातम्या छापून आल्या. आणि पदरात काय पडले? संगणकीय खेळातल्यासारखी काळवंडलेली लंका, करुणेचा लवलेश नसलेला राम आणि बुद्धिमतां वरिष्ठ मारुतिरायाच्या मुखी नाक्यावरच्या टपोरी पोरांची भाषा!

प्रत्येक चित्रपटगृहात हनुमंतासाठी एक आसन मोकळे ठेवण्याची घोषणा झाली होती. आसन ठेवले, मान ठेवला नाही. पहिले तीन दिवस श्रद्धेने गर्दी केली. सोमवारपासून तीच श्रद्धा घरी बसली. घाईघाईने संवाद बदलले गेले. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने निर्मात्यांना खडसावले आणि प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळालाही जाब विचारला. अखेर जुलैमध्ये संवादलेखक मनोज मुंतशिर यांनी हात जोडून क्षमा मागितली. पण ती सुटी तर संपली होती. त्या उन्हाळ्यात ज्या मुलांनी पडद्यावर प्रथमच रामकथा पाहिली, त्यांच्या मनातले चित्र कोण पुसणार?

साधने नव्हती, तेव्हा काय घडत होते? १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता, दोन्ही भूमिका केल्या; तरी प्रेक्षकांचे हात जोडले जात. १९३६चा प्रभातचा ‘संत तुकाराम’ गिरगावच्या सेंट्रल सिनेमात वर्षभराहून अधिक काळ चालला आणि पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. दामले-फत्तेलालांच्या हाती संगणक नव्हता, विष्णुपंत पागनिसांच्या डोळ्यांत मात्र भाव होता. आमच्या लहानपणी गल्लीत पडदा बांधून ‘संपूर्ण रामायण’ दाखवीत. बाबूभाई मिस्त्रींच्या युक्त्या आम्हां पोरांनाही ओळखू येत. पण राम वनवासाला निघाला की आजूबाजूच्या आज्या पदराने डोळे टिपत. युक्ती उघडी पडली, तरी भाव उघडा पडला नाही.

तेव्हा प्रश्न पैशाचा वा तंत्राचा नाही, वृत्तीचा आहे. ‘विषय हिंदूंचा आहे, म्हणजे हिंदू येणारच’ हा हिशेब त्यामागे आहे. आमची श्रद्धा म्हणजे यांना आगाऊ विकलेले तिकीट वाटते! द्वेषाने विटंबना करणाऱ्याला समाज ओळखतो आणि उत्तरही देतो. परंतु जयघोष करीत सुमार माल खपवणारा अधिक हानी करतो, कारण त्याच्या पापाचा डाग विषयावर पडतो. उद्या कोणी खरोखर साधनेने रामकथा करू म्हणेल, तर पैसा लावणारा ‘आदिपुरुष’कडे बोट दाखवील.

म्हणून दोष काढायचा हक्क आपण दुसऱ्यांवर सोपवू नये. आपल्या विषयावरचा चित्रपट वाईट असेल, तर तो वाईट आहे, हे पहिल्यांदा आपणच म्हणावे. त्यात द्रोह नाही, तेच राखणदाराचे काम आहे. फणसवाडीतल्या व्यंकटेशाच्या देवळात देवाला शिळा नैवेद्य दाखवत नाहीत. भक्ताचे ताट भरण्याआधी देवाचे ताट स्वच्छ हवे, एवढे चित्रपटवाल्यांनी पाळले, तरी पुढचे उन्हाळे सुसह्य होतील.