अर्ध्या कोयत्याचे बाळंतपण

गर्भारपण नऊ महिन्यांचे, आणि ऊसतोडीचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा. दोन हंगामांमधल्या उरलेल्या सहा-सात महिन्यांत नऊ महिने बसत नाहीत. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून तोडीला निघणाऱ्या बाईला दिवस केव्हाही राहिले, तरी त्यातले निदान दोन-तीन महिने फडातच जातात. कधी ते सुरुवातीचे, अन्न न टिकण्याचे असतात. कधी अगदी शेवटचे. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतल्या घराघरांत हे गणित सासूने न सांगताच सुनेला कळते. आपल्या कायद्याला मात्र ते अजून उमगलेले नाही.

खरे तर बाळंतपणाच्या हक्काचा कायदा देशात सर्वांत आधी मुंबईनेच केला. मुंबई विधिमंडळात १९२८ साली या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने ठामपणे उभे राहिले. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे देशाच्या हिताचे आहे, आणि जो मालक तिच्या श्रमावर नफा कमावतो त्याने त्या भाराचा वाटा उचललाच पाहिजे, असे त्यांच्या मांडणीचे सूत्र होते. गिरणीमालकांचा विरोध होता, तरीही १९२९ मध्ये कायदा झाला. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. मुंबईचा कायदा तिथे लागू होण्याचा प्रश्नच नव्हता. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६१ मध्ये केंद्राचा प्रसूती लाभ कायदा झाला, २०१७ मध्ये रजा २६ आठवड्यांची झाली. आसामच्या मळ्यात चहाची पाने खुडणारी बाई या कायद्यात आली. साखरेसाठी ऊस तोडणारी नाही.

ती का नाही, हे समजायला तिच्या कामाचा करार पाहावा लागतो. सहकारी साखर कारखानदारी प्रवरेकाठी उभी राहिली आणि पश्चिम महाराष्ट्रभर पसरली. तिला लागणारे हात बालाघाटच्या कोरडवाहू गावांनी दिले. १९७२ च्या दुष्काळानंतर तर गावेच्या गावे निघू लागली. मजुरांची टोळी जमवणारा मुकादम पावसाळ्यात आगाऊ उचल देतो ती नवरा-बायकोच्या जोडीला. या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. दोघांपैकी एकटा आला तर तो अर्धा कोयता. उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर, हिशेब मुकादमाच्या वहीत. कारखान्याच्या हजेरीपटावर बाईचे नाव नाही, आणि तिला कामावर ठेवणारा कोण, हे कोणी सांगत नाही. वर्षात ८० दिवस काम केले की प्रसूती लाभ मिळतो, असे कायदा म्हणतो. ती त्याच्या जवळपास दुप्पट दिवस राबते, पण ते दिवस मोजणारा कागदच नाही. एक दिवस खाडा झाला की दंड मात्र न चुकता लिहिला जातो.

काम काय असते तेही सांगितले पाहिजे. नवरा बुडातून ऊस तोडतो. बाई पाचट काढते, मोळी बांधते, आणि मग ती तीस-पस्तीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या अरुंद शिडीवरून चढते. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला. सातव्या महिन्यात शिडीची पायरी पोटाआड दिसत नाही. पाय चाचपून टाकावा लागतो. गावच्या आशाताईने नोंद करून दिलेले माता-बाल संरक्षण कार्ड पत्र्याच्या पेटीत बरोबर असते. पण कोल्हापूर, सांगली किंवा बेळगावच्या ज्या शिवारात राहायची कोपी पडते, तिथल्या उपकेंद्राच्या यादीत ती नसते. पुढची तपासणी, लोहाच्या गोळ्या, सोनोग्राफी, सगळे तिथेच तुटते.

राज्याला बीडच्या बाईचे गर्भाशय दोनदा आठवले. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८०७ मुली निघाल्या (राज्यात ८९४), आणि २०१२ मध्ये परळीतले स्त्रीभ्रूणांच्या गर्भपाताचे प्रकरण उघड झाले. मग २०१९ मध्ये पिशवी काढलेल्या बायांचा प्रश्न गाजला. शासकीय समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढल्याचे आढळले. दोन्ही वेळा डॉक्टरांवर निर्बंध आले, आणि ते हवेच होते. पण पाळीचा, गर्भारपणाचा, दुखण्याचा प्रत्येक दिवस जिथे खाड्याच्या दंडात मोडतो, त्या कराराला कोणी हात लावला नाही. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या आकडेवारीत फडात काम केलेल्या गरोदर बायांची संख्या १,५२३ होती. हा आकडा एकाच जिल्ह्याचा.

यावर उपाय नाही असे नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. मुकादमाचे कमिशन टनावर ठरते आणि कारखाने ते देतात. मग बाळंतपणाचा निधीही टनावर का ठरू नये? त्यातून गरोदर बाईला शेवटचे तीन आणि बाळंतपणानंतरचे तीन महिने मजुरीइतका भत्ता मिळाला पाहिजे, आणि तेवढ्या काळाच्या खाड्याचा दंड न लागण्याची हमी कारखान्याने दिली पाहिजे. करारावर दोघांची नावे हवीत, दोघांच्या सह्या-अंगठे हवेत. ज्या तालुक्यात टोळी उतरते तिथल्या आशाताईकडे गरोदर बायांची यादी टोळीच्या आधी पोहोचली पाहिजे. याचा आदेश गाळप परवान्याच्या अटींतच घालता येईल. मात्र उचलीचे व्यवहार पावसाळ्यातच उरकतात. दिवाळीनंतर निघालेला आदेश त्या वर्षी कुणाच्याही उपयोगी पडणार नाही; तो जूनमध्ये, पैसे हातात पडायच्या आधी, मुकादमाकडे आणि त्या बाईकडेही पोहोचला पाहिजे.