नाव ठेवायचे की नावे ठेवायची?

शिक्षिकांच्या खोलीत हमखास होणारा एक विनोद आहे. एखाद्या बाईंना दिवस गेले की बाकीच्या म्हणतात, "आता तुझी खरी पंचाईत. बाळासाठी नाव कुठून आणशील?" दहा-बारा वर्षे नोकरी झाली की नावांच्या पुस्तकातले एकही नाव कोरे राहिलेले नसते. हे नको, त्या नावाचा मुलगा पट्टीने सगळ्यांना बडवायचा. ते नको, ती नुसती रडायची. तिसरे तर मुळीच नको, त्या पोराने वर्षभर गृहपाठ केला नाही. सगळ्या हसतात. पाळण्याचा दिवस जवळ येतो तरी यादी रिकामीच!

मैत्रिणींनो, आपणही हसावे. पण हसून झाल्यावर विचारावे की ही नावे बिघडवली कुणी? मुलांनी, की हजेरी घेणाऱ्या आवाजाने? नाव ठेवणे म्हणजे बारसे आणि नावे ठेवणे म्हणजे निंदा. फरक एका मात्रेचा. शाळेत ही मात्रा सर्रास जास्त पडते.

हा विनोद जरा नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्यासारख्या गावात नेऊन पाहा. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे स्टेशन, जुन्या मिशन रुग्णालयाचे गाव. आजूबाजूला मावची, भिल्ल, कोकणी वस्त्या. घरात बोली, फळ्यावर प्रमाण मराठी, शेजारी गुजरात. इथल्या जुन्या नावांत वार आहेत : सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या. मुलगी झाली तर सोमी, बुधी, शुक्री. सणांवरून ठेवलेली नावे आहेत, ख्रिस्ती घरांत बायबलमधली आहेत, आणि हल्ली टीव्हीवरचीही आहेत. नोकरीच्या गावी राहणाऱ्या शिक्षिकेच्या यादीत यातले कोणते नाव येते? 'बुधी' हे नाव तिला खोडावे लागत नाही, कारण ते यादीत शिरतच नाही. बाहेरून बदलून आलेल्या बाईंच्या यादीत नाही आणि याच भागातल्या, घरातली पहिली पगारदार असलेल्या बाईंच्या यादीतही नाही.

प्रमाण मराठीच्या कानाला 'राम्या', 'गण्या' हा अनादर वाटतो, किंवा फार तर सलगी. भिल्लांच्या घरात 'बुध्या' हा अपभ्रंश नाही, ते पुरते नाव आहे. पण दाखल करून घेणाऱ्या मास्तरांना वाटते की नाव उघडेवाघडे आहे, त्याला सदरा घालावा. मग सोम्याचा सोमनाथ होतो, बुध्याचा बुधाजी होतो. जन्मतारीख ठाऊक नसली की १ जून! महाराष्ट्रात गावोगाव किती पिढ्या १ जूनला जन्मल्या, याची गंमत आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. त्यातली गंभीर गोष्ट मात्र आपल्या लक्षात येत नाही. आईने मुलीच्या नावातच जन्माचा वार नोंदवून ठेवला होता. तिच्याकडे पाटी नव्हती, म्हणून तिने ती नोंद मुलीच्या अंगावर लिहिली. शाळेने ती पुसली आणि तिच्या जागी एक काल्पनिक तारीख लिहिली. वर म्हणायचे, या लोकांना तारखा-वार कळत नाहीत!

हे काही फक्त दुष्टपणाने होत नाही. डॉ. बाबासाहेबांच्या आठवणींत सांगितले जाते की सातारच्या शाळेत त्यांच्यावर माया करणाऱ्या आंबेडकर नावाच्या गुरुजींनी त्यांचे आडनाव आंबावडेकर ऐवजी आंबेडकर असे नोंदवले. हात मायेचा असला तरी लेखणी शिक्षकाकडे आणि नाव मुलाचे, ही रचना तीच राहते. विचारायचे कुणाला, हा प्रश्न त्या वेळी कुणाला पडला नाही. आजही पडत नाही.

कागदावरचे नाव म्हणजे नुसता शब्द असता तर एवढे भांडण कशाला केले असते? आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, शिधापत्रिकेवर तिसरे. शिष्यवृत्ती अडते, बँकेचे खाते अडते. आदिवासी मुलीला जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी लागते, तेव्हा वडील-आजोबांच्या शाळेतल्या नोंदी काढाव्या लागतात. एका अक्षराचा फरक निघाला की प्रतिज्ञापत्रे, साक्षी आणि तालुक्याच्या खेपा सुरू. रोज बुडवून त्या खेपा घालते कोण? बहुधा आईच. पण पुरावा लागतो तो वडिलांच्या बाजूचा. आईचे नाव त्या साऱ्या भेंडोळ्यात नुसते रकान्यापुरते!

आता 'नावे ठेवण्या'कडे वळू. जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग विद्यापीठात २००९ मध्ये प्राथमिक शिक्षकांच्या मनातली नावे तपासली गेली. 'केविन' हे नाव ऐकताच अनेकांच्या डोळ्यांपुढे वाह्यात, अभ्यासात कच्चा मुलगा उभा राहत होता. हे नाव तिथे गरीब घरांत जास्त आढळणारे मानले जाते. आपल्या देशातला प्रयोग रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी २०१२ साली प्रसिद्ध केला. उत्तरपत्रिकांवर मुलाचे वय, लिंग आणि जात चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून लिहिली आणि त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. खालची जात लिहिलेल्या उत्तरपत्रिकांना थोडे कमी गुण पडले. फरक लहान होता, पण विशेष हे की तो मुख्यतः स्वतः खालच्या मानलेल्या जातींतून आलेल्या परीक्षकांच्या तपासणीत दिसला. 'मी याच समाजातली, मी कसा भेद करीन?' असे म्हणणाऱ्या प्रत्येकीने यावर विचार करावा.

मागच्या बाकावरची ती 'नेहमी उशिरा येणारी' आठवा. ती धाकट्या भावाला सांभाळून, पाणी भरून येते. ऊसतोडीला आईबापांबरोबर गुजरातेत गेलेली पोर चार महिन्यांनी परतते आणि तिला वाचता येत नाही. बाईंच्या डोक्यात नोंद होते ती नावाची : अमकी म्हणजे आळशी, तमका म्हणजे मठ्ठ. स्थलांतराची नोंद होत नाही, कामाच्या ओझ्याची होत नाही. मग घरी पाळण्याची तयारी करताना ते नाव ओठांवर येत नाही, आणि बाई म्हणतात, "त्या पोरीने नाव बिघडवलं!"

ज्या बाईंच्या लेखणीला एवढे बळ आहे, त्यांच्या स्वतःच्या नावाचे काय झाले? दहावीचा दाखला एका आडनावाचा, सेवापुस्तक दुसऱ्या आडनावाचे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले गेले, तेव्हा विचारले होते का कुणी? राजपत्रात जाहिरात देऊन, फी भरून आपणच सिद्ध करायचे की ती मीच! आणि आता पोटात बाळ आहे. चाळीस मुलांची नावे लिहिणाऱ्या या बाईंना घरात एक नाव ठरवता येते का? अक्षर पत्रिकेने काढायचे, पसंती सासरच्यांची, पाळण्यात नाव सांगायचा मान आत्याचा. पगार आईचा, नऊ महिने आईचे, वाढवणे आईचे, नाव मात्र पंचायतीचे! नाव मुकाट्याने स्वीकारायला शिकलेली बाई वर्गात दुसऱ्या बाईच्या मुलीचे नाव मुकाट्याने बदलते. ही साखळी कुठेतरी तुटायला हवी, आणि शिकलेल्या, कमावत्या बाईला ती तोडणे सर्वांत सोपे आहे.

विचारले तर काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. मुलगाच हवा म्हणून मुलीचे नाव 'नकोशी' ठेवायची चाल होती. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा जिल्ह्यात २८५ मुलींनी ते नाव टाकले आणि नवे घेतले. एका समारंभाने मुलगी हवीशी होत नाही, हे खरेच. पण त्या दिवशी कित्येक मुलींनी आपले नाव स्वतः निवडले. शाळेतल्या नामकरणात नेमके हेच नसते.

कायदाही हलला आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे शासकीय कागदांवर आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा महाराष्ट्र शासनाचा निर्णय आहे. स्वागत आहे. पण विवाहित बाईसाठी नवऱ्याच्या नावाची जुनी रीत त्यात तशीच ठेवली आहे, हे विसरू नये. दुसरा बदल केंद्राचा : १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठी जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा. म्हणजे लेखणी मुख्याध्यापकांच्या टेबलावरून दवाखान्याच्या आणि ग्रामपंचायतीच्या टेबलावर चालली आहे. जन्म २१ दिवसांत नोंदवायचा असतो, पण नाव त्याच वेळी द्यावे लागत नाही. १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि पुढे शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत ते नोंदवता येते. बाळंतिणीला कुणी हे सांगते का? घाईघाईत कारकुनाने, नाहीतर बाळाच्या काकाने सुचवलेले नाव आयुष्यभर चिकटते.

काही जणी म्हणतील, "बुधी नाव ठेवून पोरीला कुठे न्यायचे आहे? शहरात तिला हसतील." हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चिंचपाड्याच्या एखाद्या आईला मुलीचे नाव आराध्या ठेवावेसे वाटले, तर ते ठेवण्याचा तिचा हक्क पुरेपूर आहे. आपली संस्कृतीची हौस भागवायला तिने बुधीच ठेवावे, असे सांगणाऱ्या आपण कोण? प्रश्न नावाचा नाही, निवडीचा आहे. तिने आवडीने निवडले की हसतील या भीतीने? आणि भीतीने असेल, तर हसणाऱ्यांना सोडून तिलाच सुधारायला का निघायचे?

म्हणून गटांच्या बैठकांत हे विषय घ्या. दवाखान्यात, अंगणवाडीत आईला तिच्या बोलीत विचारा : नाव काय, ते कसे म्हणायचे? ती म्हणेल तसे लिहा आणि वाचून दाखवा. १ जून लिहिण्याआधी निदान वार विचारा, आगेमागे कोणता सण होता ते विचारा. नाव नोंदवायची मुदत बाळंतिणीला सांगा. शाळेत हजेरी घेताना पुरते नाव घ्या.

आणि ज्या बाईंची यादी अजून रिकामी आहे, त्यांनी एक करावे. मागच्या बाकावरच्या एखाद्या 'बिघडलेल्या' नावावर बोट ठेवावे आणि ते आपल्या बाळाला द्यावे. ते नाव दिवसातून पन्नास वेळा मायेने उच्चारावे लागेल. मग वर्गात तेच नाव घेताना आवाज चढतो का, ते बघा.