शुक्रवारी पापलेट चालतं

राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली की कॅथलिक घरांत प्रायश्चित्तकाळ सुरू होतो. कुणी दारू सोडतं, कुणी सिगारेट, हल्ली कुणी मोबाईलवरची रीळं. शुक्रवारी मांस वर्ज्य. मासे मात्र चालतात. आता वसईच्या किनाऱ्यावर मटण बाजूला ठेवून पापलेटचं कालवण ओरपण्याला त्याग म्हणायचं असेल, तर म्हणावं बापडं!

आत्मिक वाढ आणि ऐहिक ओढ यांच्या झगड्यावर जेवढी प्रवचनं होतात, त्यांतली बरीचशी ताट, बाटली आणि देह यांच्यापाशीच घुटमळतात. वेदीवरून दारुड्याला फैलावर घेणं सोपं असतं. पैशाची आणि मानाची हाव मात्र नीटनेटका कोट घालून पहिल्या बाकावर बसलेली असते, शिवाय चर्चच्या सणाला देणगीही देते. तिला कोण बोलणार?

संत ऑगस्टीनचंच घ्या. देहवासनेशी झगडलेला संत म्हणून त्याचं नाव घेतलं जातं, पण त्याचं आत्मकथन वाचलं की दुसरंच काही डोळ्यांत भरतं. इसवी सन 386 मध्ये हा माणूस मिलानमध्ये वक्तृत्वशास्त्राचा सरकारी अध्यापक होता. मिलान म्हणजे तेव्हा सम्राटाचा मुक्काम असलेलं शहर. पुढे एखादं मोठं पद मिळेल अशी आशा त्याला होती. त्यासाठी श्रीमंत घरातली मुलगी ठरवली गेली, आणि वर्षानुवर्षं सोबत राहिलेल्या, त्याच्या मुलाच्या आईला आफ्रिकेत परत पाठवण्यात आलं. ठरलेली मुलगी वयात यायला अजून दोनेक वर्षं होती, तेवढाही धीर न निघून त्याने मध्येच तिसरी बाई जवळ केली. यातला देहाचा भाग सगळे सांगतात. पण पहिल्या बाईला घराबाहेर काढलं ते बढतीच्या आणि हुंड्याच्या हिशेबाने, हे क्वचितच कुणी सांगतं. पुढे एका बागेत मन पालटून तो ख्रिस्ताकडे वळला, तरी त्याने तडकाफडकी राजीनामा दिला नाही. द्राक्षहंगामाची सुट्टी लागायला वीसेक दिवस उरले होते. तेवढे दिवस तो शिकवत राहिला, छातीच्या दुखण्याची सबबही हाताशी होतीच. लोक काय म्हणतील, ही धास्ती संतालाही सुटली नाही. ही गोष्ट त्याने स्वतःच लिहून ठेवली, म्हणून तो आपल्यातला वाटतो.

मराठी ख्रिस्ती समाजाला दाखला शोधायला मिलानपर्यंत जायची गरज नाही. 1895 साली बाप्तिस्मा घेणाऱ्या नारायण वामन टिळकांनी जात आणि आप्त गमावले, काही वर्षं पत्नी लक्ष्मीबाईंचा दुरावा सोसला. एवढं झाल्यावर झगडा संपायला हवा होता. पण पुढे मिशनची नोकरी, पगार आणि मान्यता मिळाली, आणि त्याच सुरक्षिततेचा त्यांना काच होऊ लागला. 1917 मध्ये पगार सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. 1919 मध्ये ते गेले. मात्र या वैराग्याची दुसरी बाजू लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात दिसते. नवरा घरातलं उचलून देत सुटला की उद्याच्या चुलीची काळजी कुणी वाहायची? त्यांची ती काळजी ऐहिक ठरवून मोडीत काढणं अन्यायाचं होईल.

वसईच्या जमिनींबद्दल बोलताना हेच भान ठेवायला हवं. 1980 च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा बिल्डर, गुंड आणि राजकारणी यांच्याविरुद्ध लोक एकवटले. तरी केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या गेल्याच. सगळ्याच काही धाकाने गेल्या नाहीत; काही रीतसर सह्या करून, रोख मोजून विकल्या गेल्या. टँकरवाल्यांनी उपसा करून विहिरी खारवल्या, मुलं वाडीत उतरेनाशी झाली, अशा घराने जमीन विकली तर त्याला बोल लावता येत नाही. पण शेजाऱ्यापेक्षा मोठा बंगला आणि चार दिवसांचं दणकेबाज लग्न यासाठी वाडी विकणाऱ्याला आपण कशाच्या आहारी गेलो, हे कुणी विचारलं? हव्यास हे पाप आहे हे त्यालाही पाठ असतं, फक्त कन्फेशनला गेल्यावर जमिनीचा व्यवहार आठवत नाही.

बायबलमधल्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात संत पौलाने आपलीच कोंडी मांडली आहे: जे करावंसं वाटतं ते होत नाही, नको तेच हातून घडतं. आजच्या मराठी ख्रिस्ती घरात ही कोंडी बहुधा लग्नाचं बजेट ठरवताना किंवा भावाभावांत वाटणी होताना उभी राहते.

म्हणून धर्मगुरूंना एक विनंती. येत्या प्रायश्चित्तकाळातला एक रविवार लग्नाच्या खर्चासाठी आणि जमिनीच्या व्यवहारांसाठी राखून ठेवा. आणि त्याआधी आपल्या चर्चच्या सणावर किती खर्च झाला, त्याचा हिशेब सूचनाफलकावर लावा.