मातीची रंगपेटी

गेल्या महिन्यात आमच्या शेजारची चौथीतली मुलगी शाळेतून रडत घरी आली. चित्रकलेच्या तासाला रंगपेटी नव्हती म्हणून तिला तासभर नुसते बसावे लागले. आई कांदा काढणीला जाते. "पेटी आणू का गोडेतेल आणू, तुम्हीच सांगा भाऊ," असे ती म्हणाली. आम्हाला उत्तर सुचले नाही.

रविवारी आम्ही वस्तीतील मुलांना घेऊन पारनेरबाहेरच्या माळावर गेलो. तांबडा मुरूम, पिवळी माती, शेतातली काळी माती असे तीन रंग तासाभरात पिशवीत आले. घरी खडे कुटून पाण्यात ढवळले. वाळू तळाशी बसताच वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतले आणि तसेच ठेवले. त्याचा खाली बसलेला साका वाळवला की झाला रंग! बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून त्यात मिसळावा, म्हणजे रंग कागदावर धरून राहतो. काळ्यासाठी चुलीतला कोळसा, पांढऱ्यासाठी तांदळाचे पीठ. हळदीच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की पिवळ्याला तांबूस झाक येते. हे पाहून मुलांनी टाळ्याच वाजवल्या. फाल्गुनात पळसाची फुले उकळली तर केशरी रंग मिळतो. दातवणासारखी चावून मऊ केलेली बाभळीची काडी हाच ब्रश.

पालकहो, याला गरिबाचा नाइलाज समजू नका. अजिंठ्याच्या भिंतींवर तांबडा आणि पिवळा रंग गेरूसारख्या मातीचा, हिरवा हिरव्या मातीचा, तर काळा काजळीचा आहे. निळा मात्र लाजवर्द दगडाचा, तो दूर अफगाणिस्तानाकडून येई. रंगाखालच्या गिलाव्यातही माती आणि भाताचे तूस आहे. पहिल्या लेण्यातील बोधिसत्त्व पद्मपाणी पंधराशे वर्षांनंतरही आपल्याकडे करुणेने पाहतो आहे. ज्या कारागिरांनी तो रंगविला, त्यांचे हातही मातीनेच भरलेले असणार.

काही पथ्ये मात्र पाळावीत. रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास इजा होते. धोतरा विषारी आहे. गाजरगवताने अंगाला खाज सुटते. या तिन्हींना मुलांनी हात लावू नये. चुन्याशीही खेळू देऊ नये. काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत. हळदीचा आणि पानांचा रंग उन्हात विटतो, मातीचा टिकतो, हेही मुलांना सांगावे.

त्या मुलीने वहीच्या पाठकोऱ्या कागदावर कांद्याच्या वाफ्यात वाकलेली आई काढली. संध्याकाळी आई कामावरून आली, चित्र पाहून म्हणाली, "एवढा रंग कुठून आणला गं?" मुलगी म्हणाली, "आई, तुझ्या पायाला लागून घरी येतो ना, तोच हाय हा."

मातीत हात घातला म्हणून आम्हीही आमच्या मुलांना धपाटे घातले आहेत. त्या दिवशी त्याची लाज वाटली. रंगपेटी जमेल तेव्हा जरूर घ्या. पण ती नाही म्हणून एकही मूल चित्रावाचून बसता कामा नये. येत्या रविवारी तासभर मुलांसोबत माळावर जा, आणि त्यांचे पहिले चित्र घराच्या दर्शनी भिंतीवर लावा.